काळ्या उंटाची मदार

वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर आल्यापासून आम्रपालीचे हात जागेवर राहत नव्हते. बोलायला लागली की उजवा हात वर, डावा बाजूला, आणि मुद्दा फारच पटवायचा असला तर दोन्ही. आठवीपर्यंत वर्गात ‘प्रेझेंट’ म्हणताना जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नव्हता, ती आता नववीत आल्यावर धायरीच्या त्यांच्या बिल्डिंगला टँकर उशिरा का आला यावरसुद्धा पाच मिनिटं बोलू शकत होती. आई म्हणायची, चषक दिला ते ठीकच, सोबत एक बंद करायचं बटणही द्यायला हवं होतं.

त्याच हातांनी घोटाळा केला.

रविवारी पुण्याच्या दुसऱ्या टोकाच्या मांजरी गावाहून दशरथमामा आला होता. हा आईचा मोठा भाऊ. पाटबंधारे खात्यात टेलिफोन ऑपरेटर होता, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. दीड वर्षाचा असताना देवीच्या साथीत त्याचे डोळे गेले. त्यामुळे कधीकाळी आपल्याला दिसत होतं, हेही त्याला फक्त ऐकूनच माहीत. मामा कुठेही गेला तरी त्याच्या पिशवीत बुद्धिबळाचा पट असायचा. लाकडी, जड, प्रत्येक घरात एक बारीक भोक. प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाला खिळा, तो भोकात खोचायचा, म्हणजे बोटं फिरवताना मोहरं पडत नाही. काळी घरं जराशी उंच, आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणीचं टोक. शाळेत असताना सुतारकाम शिकवणाऱ्या गुरुजींनी त्याला तो पट करून दिला होता.

तर मामा हॉलमध्ये सतरंजीवर पट मांडून एकटाच डाव लावत बसला होता, आणि आम्रपाली त्याला तिचं बक्षिसाचं भाषण ऐकवत होती. ‘आणि म्हणूनच मित्रांनो’ इथे डावा हात जोरात बाजूला जायचा होता. तो गेला. कपाटावरचा चषक त्या हाताला लागून खाली आला, पटावर आदळला, मोहरी उडाली. एक मोहरं टणटण करत गॅलरीत गेलं, गजांतून खाली, आणि तिसऱ्या मजल्यावरून सरळ ड्रेनेजच्या उघड्या चेंबरमध्ये. मागून आलेला बारीकसा ‘डुब्’ सगळ्यांनी ऐकला.

आम्रपालीने बाकीची गोळा केली. सगळी सारखीच, गोल बुडाची, वर काहीतरी नक्षी. घोडा तेवढा ओळखू येत होता. मामाने एकेकावरून बोट फिरवून मोजदाद केली आणि शांतपणे सांगितलं की काळा उंट गेला, एकच. मग म्हणाला, पुढच्या रविवारी स्पर्धा आहे.

ही स्पर्धा म्हणजे स्वारगेटजवळच्या एका हॉलमध्ये भरणारी, दृष्टिहीन खेळाडूंची. त्यात प्रत्येकाने आपापला पट आणायचा. समोरचा चाल बोलून दाखवतो, आपण ती आपल्या पटावर करून घ्यायची. आईने सुचवलं, नवा पट घेऊन टाकू. मामा म्हणाला, परक्या पटावर त्याला परक्या घरात चालल्यासारखं होतं, सारखं कशाला तरी ठेचकाळायला होतं. आणि नव्या पटातला नुसता उंट घ्यावा तर तो या भोकात बसणार नाही. मामा रागावला असता तर बरं झालं असतं, असं आम्रपालीला वाटलं. तो रागावलाच नाही.

“मी करून देते,” ती म्हणाली. “आमच्या शाळेत थ्रीडी प्रिंटर आलाय. उद्यापासून वर्कशॉप आहे. कॉम्प्युटरवर बनवायचं आणि छापून काढायचं.”

“तुला येतं ते?”

“त्यात काय.”

खरं म्हणजे तिने तो प्रिंटर फक्त खिडकीतून पाहिला होता, आणि तोही खोक्यात असताना. मामाने ‘बरं’ म्हटलं, पट मिटला, मोहरी डबीत भरली आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेला.

उंट कसा करायचा हे विचारायची तिला गरजच वाटली नाही. घोडा घोड्यासारखा दिसतो, तर उंट उंटासारखा. त्यात विचारायचं काय?

सोमवारी शाळा सुटल्यावर लॅबमध्ये बाराजणं जमली. शिकवायला ऋषी सर होते. बाहेरून आलेले, तरुण, आणि बोलणं इतकं थंड की चेष्टा करतायत की शाबासकी देतायत ते घरी गेल्यावर कळायचं. स्क्रीनवर मधोमध एक करडा खोका होता. सर म्हणाले, हा खोका सगळ्यांना फुकट मिळतो, यातूनच जग तयार करायचं.

आम्रपालीने माऊसचं मधलं चाक दाबून जरा हलवलं. खोका गर्रकन फिरला. अजून जरा हलवलं. खोका लांब गेला, माशीएवढा झाला, मग दिसेनासाच झाला. चाक उलटं फिरवल्यावर सगळा स्क्रीन करडा.

“सर, माझा खोका गेला.”

सर येऊन उभे राहिले. “गेलेला नाही. तू त्याच्या आत आहेस.”

“आत कशी गेले?”

“दार न वाजवता.”

तेजस्विनी शेजारी बसून फिदीफिदी हसली. ही तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिच्या खोक्याचा एव्हाना कप झाला होता. कानासकट.

पहिल्या दिवशी आम्रपालीला कळलं ते एवढंच की काही कळत नाही. भूमितीच्या बाईंनी तीन वर्षं घोकून घेतलं होतं की एक्स आडवा आणि वाय उभा. इथे वाय आत जात होता आणि उभा होता झेड. ती खोका वर उचलायला जायची आणि तो भिंतीत घुसल्यासारखा मागे सरकायचा. सरांना विचारलं तर म्हणाले, तुमच्या बाईंचा कागद टेबलावर ठेव, आता सांग, वाय वर जातोय का? नव्हता जात. मग इतकी वर्षं तो वर कसा जात होता? हा प्रश्न घेऊन ती घरी आली आणि जेवताना आमटीच्या वाटीकडे बघत बसली. वाटी उभी होती की आडवी, हेही तिला खात्रीने सांगता आलं नसतं.

मंगळवारी ‘एक्स्ट्रूड’ शिकवलं. खोक्याची एक बाजू धरायची आणि ओढायची, की ती सोऱ्यातून शेव यावी तशी बाहेर येते. हे मात्र तिला आवडलं. तिने मान ओढली. पाय ओढले, चार. मदार ओढली. उंट नाही म्हणता येणार, पण खुर्चीही नाही, असं काहीतरी उभं राहिलं. सरांनी येऊन विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, उंट. कशाला? तर सरप्राइझ आहे. सर म्हणाले, मला तर झालंच.

मग ‘मिरर’. सर म्हणाले, प्राणी अर्धाच करायचा, उरलेला अर्धा कॉम्प्युटर करतो, आरशात दिसतो तसा. निम्मं काम वाचणार म्हटल्यावर आम्रपाली खूश. तिने अर्धा उंट पुसला आणि उरलेल्याला आरसा लावला. एक्स, वाय, झेड यांतलं काय निवडायचं ते आठवेना, म्हणून तिने वाय निवडला, कारण काल त्यानेच तिला छळलं होतं. स्क्रीनवर एक उंट अवतरला, ज्याला पुढेही मान आणि मागेही मान. दोन्ही तोंडं आपापल्या दिशेला बघत होती. शेपूट नव्हतंच, कारण दोन्ही बाजूंना पुढचीच बाजू.

“हा येतोय का जातोय गं?” तेजस्विनीने विचारलं.

“याला स्वतःला माहीत नाही,” सर मागून म्हणाले. “पुण्यात राहायला लायक आहे.”

सगळी लॅब हसली. आम्रपालीही हसली, पण मनातल्या मनात दिवस मोजायला लागली. मंगळवार संपला होता. मोठ्या तोंडाने ‘त्यात काय’ म्हणून झालं होतं. मामाने तर कुणाला तरी सांगूनही टाकलं असेल की भाची उंट करून देतेय. मामा कौतुकाच्या गोष्टी फोन करून करून सांगायचा. ऑपरेटरच तो.

बुधवारी तिच्या लक्षात आलं की बुडाच्या खिळ्याचं माप तिच्याकडे नाही. तिने मांजरीला फोन लावला. जय भीम झाल्यावर सरळ विचारलं, मामा, पटाच्या भोकाचं माप किती? मामा विचारात पडला. त्याने ते कधी आकड्यात मोजलंच नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाला, काड्यापेटीची काडी आत सैल होते, पेन्सिल जात नाही, आणि साध्या डॉटपेनची रिफिल अगदी घट्ट बसते. जेलची नाही बरं, साध्या. काळ्याच्या डोक्यावर टोक असतं ते विसरू नकोस, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

तिने रिफिल नेली. सरांनी बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर दिला, माप आलं तीन. तिने उंटाच्या पायांखाली गोल चकती दिली, चकतीखाली काठी, आणि काठीच्या चौकटीत टाकलं, तीन. काठी चकतीखालून सुटली ती स्क्रीनच्या बाहेर गेली. उंट पाण्याच्या टाकीवर चढून बसल्यासारखा दिसायला लागला.

“तीन काय?” सरांनी विचारलं.

“तीन रिफिल.” घाईत तिच्या तोंडून निघून गेलं.

सर पहिल्यांदाच जरा हसले. त्यांनी खाली बोट दाखवलं. इथे मोजमाप मीटरमध्ये होतं. तिची काठी तीन मीटर जाड आणि तेवढीच लांब होती, आणि ज्याला ती बोटभर समजत होती तो तिचा उंट दोन मीटर उंच होता. म्हणजे खऱ्या उंटाएवढा. राजस्थानला पाठवायचा असेल तर बरोबर आहे, सर म्हणाले, पटावर बसवायचा असेल तर लहान कर. तिने आधी काठी तीन मिलिमीटर केली, मग उंट लहान केला, तर काठीही लहान होऊन सुईसारखी झाली. काठी जाड केली, तर उंटही फुगला. एक धरावं तर दुसरं बदलतं, आणि का बदलतं ते कळत नाही. तासाभराने तिला स्वतःचीच उंची किती असावी याबद्दल शंका यायला लागली.

टाचणीचं टोक कुठे द्यायचं, हा निराळाच प्रश्न. मामा म्हणाला होता डोक्यावर. पण उंटाचं डोकं पुढे वाकलेलं, आणि सगळ्यात वर येत होती मदार. तिने आधी डोक्यावर टोक दिलं, तर उंट शिंग आल्यासारखा दिसला. मग ते मदारीवर ठेवलं. बोट वरूनच येणार ना.

गुरुवारी आणि शुक्रवारी तिने फक्त पाय केले. सर म्हणत होते, इतके बारीक पाय छापताना मोडतील. आम्रपाली म्हणत होती, उंटाचे पाय बारीकच असतात. शेवटी पाय जाड झाले आणि उंट जरासा म्हशीकडे झुकला. पण एकच तोंड, एकच शेपूट, तीन मिलिमीटरची काठी. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सरांनी फाइल प्रिंटरला दिली. दीड तास ते यंत्र सोऱ्यासारखं काळं प्लॅस्टिक थरावर थर घालत राहिलं, आणि दीड तास आम्रपाली काचेला नाक लावून उभी होती. सगळ्यात आधी चकती झाली, मग चार ठिपके, ठिपक्यांचे पाय, पायांवर पोट. शेवटी मदारीचं टोक. काठी वेगळी छापून सरांनीच चिकटवली.

हातात घेतल्यावर उंट अजून कोमट होता. इतका वेळ काचेपलीकडे होता तो, आता मुठीत मावत होता. ती तशीच तेजस्विनीकडे पळाली.

तेजस्विनीने उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, हा कुणाला?

“मामाला. त्याच्या बुद्धिबळातला उंट.”

तेजस्विनीचा चेहरा बदलला. तिचे बाबा तिला घेऊन बुद्धिबळ खेळत. “आमू, बुद्धिबळातला उंट असा नसतो.”

“म्हणजे?”

तिने मोबाइलवर चित्र काढून दाखवलं. एक गुळगुळीत, लांबट, वर टोकदार होत गेलेलं काहीतरी. डोक्याला एक तिरकी चीर. ना पाय, ना मान, ना मदार.

“हा उंट?”

“हो. आणि हा हत्ती.” हत्ती म्हणजे किल्ल्याचा बुरूज होता.

आम्रपाली त्या बुरुजाकडे बघत राहिली. घोडा घोडा होता. मग हत्ती बुरूज का, आणि उंट मेणबत्ती का? आणि असं असताना त्याला लोक उंट का म्हणतात? तेजस्विनीला माहीत नव्हतं. ऋषी सरांकडे जावं तर लॅबला कुलूप. सर निघून गेले होते, ते सोमवारी येणार. सरांनी एकदा सांगितलं होतं की असा चहूबाजूंनी गोल आकार सगळ्यात सोपा, अर्ध्या बाजूची रेघ काढायची आणि गोल फिरवायची, पाच मिनिटांत होतो. म्हणजे पाच मिनिटांचं काम होतं. तिने पाच दिवस भलतंच केलं होतं, आणि भोगायचं मात्र मामाला.

संध्याकाळी आईला सांगितलं. आईने उंट हातात घेतला, हसू दाबलं, मग दाबता आलं नाही. डोळे पुसून म्हणाली, उद्या त्याला खरं सांग, आणि भाषण करू नकोस.

रविवारी नऊला त्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास खेळाडू होते. टेबलांवर पट, पटांवर फिरणारी बोटं, आणि सगळीकडे हळू आवाजात चाली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्याने पट मांडलेला होता. काळ्यांच्या रांगेत एक भोक रिकामं होतं आणि मामाचं बोट त्यावर होतं.

आम्रपालीने हात मागे बांधून ठेवले होते, मुद्दाम. मग एक पुढे केला.

“मामा, आणलाय. पण तो चुकलाय.”

मामाने तळहात पसरला. तिने उंट ठेवला. त्याची बोटं आधी काठीकडे गेली, मग चकतीवर, मग वर टोकावर. ‘काळा,’ तो म्हणाला. मग बोटं थबकली. एक पाय, दुसरा, तिसरा, चौथा. परत पहिला. मान. मानेचं वळण. तोंड. तिथून पाठीवर आली आणि तो उंचवटा लागला तसा मामाचा चेहरा असा झाला की आम्रपालीला तो कुठला आहे तेच ठरवता येईना. रागाचा नव्हता. हसण्याचाही नव्हता.

“हे काय? वशिंड?”

“वशिंड बैलाचं. उंटाची मदार असते.”

“हा उंट आहे?”

“हो. म्हणजे, खरा. खेळातला नाही. मला माहीत नव्हतं खेळातला तसा असतो ते. मी तुला न विचारता...”

मामाने दुसऱ्या हाताने तिला थांबवलं. पटावरचा पांढऱ्यांकडचा एक उंट उपटला, तो गुळगुळीत, चीर असलेला. एका हातात तो आणि एका हातात हा, असं धरून बसला. बोलायला लागला तेव्हा हळू बोलला. उंटाबद्दल त्याने आयुष्यभर ऐकलेलं होतं, वाळवंट, मदार, उंच मान, सगळं. पण हाताला लागलेला उंट एकच, हा पटावरचा, चिरेचा. तोही शाळेत, सहा वर्षांचा असताना.

“ऐकलेलं ऐकलेलं असतं, आमू. हाताला लागलेलं वेगळं. मला वाटायचं, ही चीर आहे ना, हीच मदार. आणि मनात म्हणायचो, एवढ्याशा चिरेत पाणी राहतं कुठे.”

आई एकदम दुसरीकडे बघायला लागली.

तेवढ्यात पंच बाई आल्या. आम्रपालीला वाटलं, आता संपलं. बाईंनी उंट बघितला, मग मामाकडे बघितलं, आणि कोरड्या आवाजात विचारलं की हे जनावर तुम्हाला बोटाने ओळखता येतंय का. मामा म्हणाला, आजच ओळख झाली, पण विसरणार नाही. बाई म्हणाल्या, पट तुमचा, मोहरं तुमचं, समोरच्याची हरकत नसेल तर खेळा. समोर बीएला असलेली एक मुलगी होती. तिने हरकत घेतली नाही, फक्त हात पुढे करून म्हणाली, मला पण बघू द्या. तिनेही पाय मोजले.

मामाने उंट भोकावर ठेवला आणि दाबला. रिफिलच्या मापाची काठी अगदी घट्ट बसली.

तीन डावांतला एक मामा जिंकला, एक बरोबरीत सुटला. एक हरला, आणि तो सरळ सरळ उंटापायी. समोरचा घोडा देऊन उंट घ्यायला तयार होता, अदलाबदल मामाच्या फायद्याची होती, हे नंतर मामानेच सांगितलं. पण उंट पटावरून उचलू द्यायला त्याच्या बोटांनी नकारच दिला. डावभर तो तिरका तिरका पळवत राहिला आणि तिकडे राजा अडकला.

परत जाताना बसस्टॉपवर मामा उंट खिशात घालून उभा होता. डबीत नाही, खिशात. मधूनच त्याचं बोट आत जायचं. आम्रपाली म्हणाली की सोमवारी ती खेळातला उंट करून आणेल, बरोबर, चीर असलेला, पाच मिनिटांचं काम आहे. मामा म्हणाला, तो कर, पट पुरा हवा. मग त्याने खिशातला उंट पुन्हा चाचपला.

“आणि हत्ती?”

“त्याचं काय?”

“माझ्या पटावर तो बुरुजासारखा आहे. वर दाते. सोंड असते, सुपासारखे कान असतात, ते ऐकलंय मी. पण सोंड त्या दात्यांच्या मधून निघते का बाजूने?”

आम्रपालीचा उजवा हात सवयीने वर गेला. सोंड कुठून निघते हे सांगायला तोंड उघडलं. आणि तिच्या डोळ्यांसमोर हत्ती आला, तो दोन्हीकडून सोंड असलेला, वाय उभा की झेड उभा ते न कळणारा. पुढच्या पायाला गुडघा नक्की कुठे असतो? कान डोक्याला वरून चिकटतात का मागून? शेपूट किती लांब? इतकी चित्रं पाहिली होती, आणि एकाही गोष्टीची खात्री नव्हती.

तिने हात खाली घेतला.

“मला नक्की माहीत नाही, मामा,” ती म्हणाली. “बघून सांगते.”

“सावकाश बघ,” मामा म्हणाला. “सगळ्या बाजूंनी.”